चोवीस मीटर तीनशे बारा

४ फेब्रुवारी

ढेकळ्या,

‘प्रिय’ लिहावं की नाही यावर दोन कागद फाडून झाले, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय. नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. समेट करायला मी बसलेली नाही. काम आहे.

बाबांचा तापमानाचा तक्ता तू जाताना घेऊन गेलास. पोलादी टेप उन्हाळ्यात किती लांबते आणि थंडीत किती आखडते, तो. मला तो हवाय. नक्कल करून पाठवलीस तरी चालेल, मूळ कागद उशाशी घेऊन झोप हवं तर.

कशाला हवाय, असं विचारशीलच. दवाखान्याची कमिटी मैदानावर नवं प्रसूतिगृह बांधणार आहे. म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतून जी भेग जाते ना, तिच्याच रेषेवर, दोनशे पावलं पुढे. इंजिनिअरनं बाबांच्या वह्या मागितल्या आणि मी दिल्या. एकतीस वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, भेगेच्या इकडच्या खांबावरच्या पितळी खिळीपासून तिकडच्या खांबावरच्या खिळीपर्यंतचं अंतर. महिन्याला अर्धा मिलिमीटर, एकतीस वर्षांत वीतभर. त्या माणसाचे डोळेच विस्फारले. म्हणाला, दोन खंडांचं सरकणं असं परसात बसून मोजलेलं मी कुठे पाहिलं नाही. मी म्हटलं, आमचं स्वयंपाकघर एका खंडावर आणि पाण्याची टाकी दुसऱ्यावर, त्यामुळे आम्हाला परदेश प्रवासाची हौस नाही. विनोद बाबांचाच. तो पोट धरून हसला.

कमिटीनं इमारतीला बाबांचं नाव द्यायचं ठरवलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणारा माणूस, आता त्याचं नाव दगडात कोरणार. तू त्यांच्याच पलंगाशी उभा राहून ‘हे आकडे खोटे आहेत’ म्हणाला होतास, ते मी विसरलेले नाही.

तर तक्ता पाठव. मी मोजणी परत सुरू करतेय. सहज, हौस म्हणून.

ताई

ता.क. शिवणाचं दुकान बरं चाललंय. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगून टाकलं.


२ मार्च

ढेकळ्या,

तक्ता नाही, पत्र नाही, ओ नाही की ठो नाही. ठीक आहे. तुझी सात पत्रं मी न उघडता परत पाठवली होती, त्यातलं एक फिटलं असं समज. उरलेली सहा तू किती दिवस वसूल करणार आहेस तेवढं कळव.

काल मोजलं. टेपचं दुसरं टोक धरायला पोस्टमनला बोलावलं. तोच तो, आपल्यापासून दोन दारं सोडून राहणारा, तुझी पत्रं ज्याच्या हातात मी परत ठेवायचे. ताणकाटाही तूच नेलायस, म्हणून टेप दहा किलोनं कशी ओढायची हा प्रश्न होता. तो म्हणाला, ‘ताई, तेवीस वर्षं पार्सलं उचलतोय. दहा किलो माझ्या मनगटाला विचारा.’ आणि खरंच, एकदा ओढल्यावर तो हललाच नाही. फक्त बोलायचा थांबत नाही. कोणाचं पत्र आलं, कोणाचं नाही, सगळं टेपच्या त्या टोकावरून मला ऐकवत होता, आणि मी इकडे डोळे बारीक करून आकडा वाचतेय.

आता नीट वाच. वहीतला शेवटचा आकडा नऊ वर्षांपूर्वीचा: चोवीस मीटर तीनशे तेवीस मिलिमीटर. त्यानंतर मोजणी बंद. नऊ वर्षांत अजून चौपन्न मिलिमीटर वाढायला हवे होते. काल काय आलं? चोवीस मीटर तीनशे बारा.

म्हणजे पुढे जायचं सोडून जमीन अकरा मिलिमीटर मागे आली! खंड कधी मागे येतो का रे? मी पाच वेळा मोजलं. थंडी होती, तक्ता नव्हता, मनगट म्हणजे काही काटा नव्हे, दोन-तीन मिलिमीटर त्यापायी सोडून देऊ. पण अकरा कसे सोडू? आणि ते चौपन्न कुठे गेले?

पोस्टमन म्हणतो टेप म्हातारी झाली. तू तिकडे मोठमोठ्या यंत्रांनी जमिनीचं सरकणंच मोजतोस म्हणे. तुला काय वाटतं? मला तर काही सुचत नाही.

ताई


३ एप्रिल

ढेकळ्या,

मला काही सुचत नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. मला तिथल्या तिथे, टेप हातात असतानाच सुचलं होतं. पोस्टमनला म्हटलं, ऊन चढलं, जा घरी. ऊन कुठे चढलं होतं? सूर्य अजून टाकीच्या मागे होता.

परवा परत मोजलं. परत तेच, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. काल इंजिनिअर आला होता नकाशे घेऊन. म्हणाला, ‘तुमच्या वडिलांनी आमचं काम सोपं केलं. जमीन अशी गुमान सरकत असेल तर तिच्यात ताण साठत नाही. आम्ही मधे जोड ठेवू, भिंती आपापल्या सरकतील, आतल्या बाळंतिणीला कळणारही नाही.’ मी विचारलं, ‘आणि समजा, सरकायची थांबली असेल तर?’ तो हसला. ‘थांबली म्हणजे अडकली. खंड काही थांबत नाहीत, ते ढकलतच राहतात. ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो. तसं असतं तर मी तिथे कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधू दिलं नसतं. पण तुमच्या वह्या आहेत ना!’

आमच्या वह्या आहेत.

तू बरोबर होतास. घे, लिहिलं एकदाचं. शेवटच्या बावीस महिन्यांचे आकडे खोटे आहेत आणि ते मी लिहिलेत. बाबांनी नाही. बाबा फक्त खाली सही करत होते, ती पण डाव्या हातानं, कारण उजवा पडला होता.

तू नोकरीवर गेलास त्यानंतर सहा आठवड्यांत ते अंथरुणाला खिळले. त्याआधीच्या दोन महिन्यांच्या एक तारखेला बाबांनी आणि मी मोजलं होतं, आणि दोन्ही वेळा तीनशे बाराच आलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाबा अस्वस्थ होते. म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात पाहू.’ तो पुढचा महिना आला तेव्हा ते पलंगावर, आणि दुसरं टोक धरायला कोणी नाही. मी टोक खिळीला सुतळीनं बांधून ओढायला गेले. सुटलं आणि फटकन कपाळावर बसलं. भुवईवरचा व्रण दाराच्या कडीचा आहे असं मी तुला सांगितलं होतं, तो टेपचा आहे. रक्त पुसून आत गेले तर बाबांनी विचारलं, ‘किती?’

मी म्हटलं, ‘तीनशे साडेबारा.’

त्यांचा चेहरा असा खुलला! ‘सरकली म्हणजे!’ म्हणाले, आणि त्या दिवशी नीट जेवले. झालं. मग दर एक तारखेला ‘किती?’ आणि मी घरात बसूनच अर्धा मिलिमीटर वाढवायची. बावीस वेळा. हिशेब सोपा होता, बाहीला शिवणीत बोटभर माया सोडावी तसा.

आता तू म्हणशील, शेजारी कोणाला का नाही बोलावलं? कोणीही आलं असतं. पोस्टमन तेव्हाही दोन दारं सोडूनच राहत होता. मी बोलावलं नाही, कारण मला तुझा राग होता. टेपच्या दुसऱ्या टोकाची ती जागा तुझी होती आणि ती रिकामी दिसायला हवी होती. कोणाला दिसायला हवी होती, कोण जाणे. तू तर इथे नव्हतासच.

आणि तू सुटीला आलास, वह्या चाळल्यास आणि पाच मिनिटांत म्हणालास, हे आकडे फार सरळ आहेत, खरी जमीन अशी चालत नाही. बाबांना वाटलं तू त्यांना खोटारडा म्हणतोयस. ताणकाटा तुझ्या अंगावर भिरकावून ते ‘चालता हो’ म्हणाले आणि मी उशाशी मूग गिळून उभी. एवढंच नाही. तू गेल्यावर मीच सगळ्यांना सांगत सुटले की शिकून शहाणा झाला, बापालाच खोटं पाडायला निघाला. बाबा गेल्याचं तुला दोन दिवस उशिरा कळवलं, तेही मुद्दाम. तू समोर आला असतास तर माझं तोंड उघडलं असतं, ही भीती होती.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. लिहिलं नाही असं समजू नकोस.

ताई


९ मे

ढेकळ्या,

पार्सल पोचलं. पोस्टमननं दारातच हातावर तोलून सांगितलं, ‘सव्वा किलो. लोखंड आहे.’ मी ते त्याच्यासमोर उघडेपर्यंत त्यानं जागचं हलायला नकार दिला.

तक्ता आणि ताणकाटा. चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. पण बाबांच्या अक्षरातला मूळ कागदच पाठवलास, नक्कल नाही, आणि काट्याला ताजं तेल लावलेलं होतं. मी त्यातून वाटेल तो अर्थ काढणार आहे आणि तू मला अडवू शकत नाहीस.

एक मेचे आकडे काढून ठेवले होते, ते तक्त्यानं दुरुस्त केले, आणि काल काटा लावून परत मोजलं. चोवीस मीटर तीनशे बारा. दोन्ही वेळा. पोस्टमनचं मनगट अर्ध्या किलोनंही चुकलं नव्हतं, आता तो हे येत्याजात्याला सांगत फिरतोय.

म्हणजे अकरा वर्षं जमीन तसूभर हललेली नाही. खंड मात्र ढकलतायत. वर्षाला सहा धरले तर सहासष्ट मिलिमीटर तुंबलेत, आणि कुठवर खोल तुंबलेत हे तुझ्यासारख्यालाच ठाऊक. बाबांना जे शेवटी दिसलं होतं तेच खरं होतं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा आकडा होता तो, आणि मी त्याच्यावर बावीस गोडगोड आकडे रचले.

तुला आठवतं, बाबांनी जुन्या शाळेच्या नकाशातले खंड कापून आपल्याला दिले होते, जुळवा म्हणून? तू ते आकाराप्रमाणे लावत बसलास. मी दोन किनारे पाहिले आणि बाही खांद्याला बसवावी तसे चटकन बसवले. बाबा म्हणाले, ‘बघ, एके काळी हे सगळं एकच होतं. नंतर फाटलं आणि दूर गेलं, अजून जातंय.’ तू रडलास, कारण आधी मी जुळवलं. मग शिकायला तू गेलास आणि मी मशीनवर बसले. तो माझा राग किती जुना आहे बघ. तुझं त्यात काही चुकलं नव्हतं. कोणीतरी बाबांजवळ राहायला हवं होतं आणि मला कोणी विचारलं नाही, एवढंच. मी मोठ्यानं नाही म्हणायला हवं होतं, त्याऐवजी मी आकडे लिहिले.

वीस तारखेला कमिटीची बैठक आहे. मी जाऊन सगळं सांगणार. बाबांचं नाव दगडावर येणार नाही, लोक तोंडात शेण घालतील, दोन-चार गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत. त्या मैदानावर बायका बाळंत व्हायला झोपणार आहेत आणि खाली काय आहे हे फक्त मला माहीत आहे. आता गप्प बसले तर मग मी माणूस कसली?

ताई


२१ मे

ढेकळ्या,

गेले. बोलले. अक्षर बघ, सरळ आहे.

डॉक्टरीणबाई अध्यक्ष. बाबांना शेवटपर्यंत त्यांनीच पाहिलं. शिवाय इंजिनिअर, कंत्राटदार आणि बाकीचे चार माना डोलावणारे. मी कापडी पिशवीतून माझी जड इस्त्री काढली, इस्त्रीखाली घालायचं जुनं ब्लँकेट काढलं आणि तीन हात इलॅस्टिक. त्यांना वाटलं बाई मापं घ्यायला आली.

आधी इस्त्री गुळगुळीत टेबलावर ठेवून इलॅस्टिकनं ओढली. निमूट मागे आली. म्हटलं, हे वह्यांतलं. मग ब्लँकेटवर ठेवून ओढली. हलेना. इलॅस्टिक लांबतंय, लांबतंय, सगळे पुढे वाकून बघतायत, आणि एकदम इस्त्रीनं अशी उडी घेतली की पाण्याचा जग इंजिनिअरच्या नकाशांवर आडवा! म्हटलं, आणि हे खरं. वह्यांतले शेवटचे बावीस आकडे माझ्या मनाचे आहेत.

इंजिनिअर नकाशा पुसायचंही विसरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तुझे बाबा दर महिन्याला मला आकडा सांगायचे. म्हणायचे, माझी मुलगी एकटी मोजते.’ ढेकळ्या, त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, ‘इतकी वर्षं गप्प का होतीस?’ मी म्हटलं, ‘लाज वाटली म्हणून.’ दुसरं कारणच नव्हतं.

कमिटीचंही बरोबर आहे. आत्ता बायका व्हरांड्यात बाळंत होतायत, पडदा लावून. जागा बदलायची म्हणजे वर्ष गेलं. आणि कंत्राटदारानं नेमकं बोट ठेवलं: ‘कालपर्यंत खोटं लिहिणारी बाई आज खरं बोलतेय कशावरून?’

प्रश्न चोख आहे. मला राग आला नाही. मी म्हटलं, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक जूनला सकाळी सहा वाजता या आणि डोळ्यांनी बघा.’ तो म्हणाला, दुसरं टोक धरणारा तुमचाच पोस्टमन. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मग हिचं खोटं ज्यानं पहिल्यांदा पकडलं त्यालाच बोलवा. तो काही हिची बाजू घेणार नाही.’

तर हे निमंत्रण कमिटीचं आहे, माझं नाही, म्हणजे तुला मान खाली घालावी लागणार नाही. तुला यायला दोन दिवस लागतात, मला ठाऊक आहे. आलास तर दुसरं टोक तुझं. नाही आलास तरी मी सहाला खांबापाशी असेन, सगळ्यांसमोर मोजेन आणि कोणी मानो न मानो, दर एक तारखेला मोजत राहीन. आता माघार नाही.

ताई


१ जून, दुपार

ढेकळ्या,

दीड वाजता तुझी गाडी सुटली आणि मी लगेच लिहायला बसले. तू घरी पोचशील त्याच्या एक-दोन दिवस मागेपुढे हे पत्र तुझ्या हातात पडेल. तोंडावर बोलता आलं असतं, पण आपलं घराणं तुला ठाऊक आहे.

सहाला पाच कमी असताना तू गल्लीच्या कोपऱ्यावरून आलास, पाठीवर पिशवी, केस निम्मे पांढरे. मला वाटलं बाबाच आले. तू कमिटीला नमस्कार केलास, पोस्टमनच्या खांद्यावर हात ठेवलास, आणि माझ्याकडे न बघता सरळ तिकडच्या खांबाशी जाऊन टेपचं टोक उचललंस. जणू मागच्याच महिन्यात येऊन गेलायस.

मी ओढली. तू काटा बघून पहिलं वाक्य काय बोललास? नऊ वर्षांनी? ‘ताण कमी आहे, ताई. ओढ.’ मी ओढली. पोस्टमन मागून पुटपुटला, साडेनऊच होते. त्याला गप्प केलं.

तू जेवत होतास तेव्हा इंजिनिअर दुकानात येऊन गेला. मैदान रद्द. शाळेमागच्या टेकाडाची तपासणी पुढच्या आठवड्यात, आणि तू नाव दिलेल्या संस्थेला यंत्र बसवण्याची विनंती आजच जाणार. दगडावर नाव नको असं मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ते मी बघेन, तू गप्प बस, तुला त्याची सवय आहेच. ऐकून घेतलं.

इंजिनिअरनं परत दिलेल्या वह्या उघडल्या आहेत. बावीस ओळींवर एकेक लाल रेघ मारली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ‘मोजलं नाही’, आणि खाली माझी सही. आकडे खोडून काढले नाहीत, खालचं दिसू दिलं. आजचा आकडा नव्या पानावर आहे, त्यापुढे एक सही तुझी आणि एक माझी.

पण लिहायचं होतं ते हे नाही. तुला आठवत असेल, मी आकडा वाचायला वाकले आणि बराच वेळ काही बोललेच नाही. कंत्राटदार कुजबुजायला लागला. तुला वाटलं मला आता दिसत नाही, म्हणून तू दोनदा विचारलंस, चष्मा आणू का. मला आकडा लख्ख दिसत होता. तिकडच्या खांबावरून तू मोठ्यानं विचारलंस, ‘किती?’ अगदी बाबांच्या आवाजात. या प्रश्नाला मी बावीस वेळा उत्तर दिलं होतं आणि एकदाही खरं दिलं नव्हतं. खरं तोंडात यायला तेवढा वेळ लागला, मगच मी सांगितलं: चोवीस मीटर तीनशे बारा.

ताई